मेट्रनबाईंचं एकतिसावं वाचन

मनकर्णाबाईंना भिंगारमध्ये मनकर्णाबाई म्हणून कुणी ओळखत नसे. पोस्टमन, भाजीवाली, चर्चमधली माणसं, सगळ्यांच्या तोंडी त्या मेट्रनबाई. मुलींच्या बोर्डिंगात त्यांनी अठ्ठावीस वर्षं मेट्रन म्हणून काढली होती. नोकरी सुटली तरी मोजायची सवय सुटली नव्हती. बोर्डिंगात सकाळी मुली मोजायच्या, मग ताटं, मग धुवायला गेलेल्या चादरी, आणि दिवेलागणीला पुन्हा मुली. आता घरात चार ताटं आणि तीन चादरी. तरी दर शनिवारी त्या मोजत, आणि चार ताटं चारच भरली की त्यांना बरं वाटे.

बायबलचंही तसंच होतं. तीस वर्षांपूर्वी शांतवनराव, म्हणजे त्यांचे यजमान, गेले. त्या डिसेंबरात चर्चच्या तेव्हाच्या पाळकांनी उपदेशात सांगितलं, की रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात अख्खं बायबल पुरं होतं. मेट्रनबाईंनी घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली. हिशेब बरोबर होता, उलट दहा अध्याय वर उरत होते. ते त्यांनी आजारपणाला धरले आणि एक जानेवारीला सुरुवात केली. तेव्हापासून तीस वर्षं, एकही खाडा नाही. ताप असला तरी वाचलं, लग्नाला गावी गेल्या तर पिशवीत बायबल गेलं, एकदा एसटी रस्त्यात बंद पडली तेव्हा धाब्यावरच्या बाकड्यावर बसून तीन अध्याय संपवले. दर एकतीस डिसेंबरला शेवटचं पान झालं, की त्या पुस्तक मिटून त्यावर हात ठेवत. तेवढाच काय तो समारंभ.

यंदाच्या जानेवारीत मात्र खराच समारंभ ठरला. वर्षाच्या पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, महिला मंडळाच्या वार्षिक उपासनेत, मेट्रनबाईंचा सत्कार होईल. सलग तीस वेळा पवित्र शास्त्र वाचलेली दुसरी बाई आपल्या मंडळीत नाही, असं ते म्हणाले. सगळ्या बाकांवरच्या माना वळल्या. मेट्रनबाईंनी मान खाली घातली, पण घरी येईपर्यंत त्यांची पावलं रस्त्यावर नीट टेकत नव्हती. कोणती साडी नेसायची, हे त्यांनी त्याच दुपारी ठरवून टाकलं.

आणि मंगळवारी घोटाळा झाला.

झालं होतं असं. तीस वर्षांच्या उघडझापीनं त्यांच्या बायबलची शिवण सुटली होती. पानांच्या जुड्या हातात यायला लागल्या. म्हणून डिसेंबरात वाचन पाच दिवस आधीच उरकून त्यांनी पुस्तक भिंगारच्या जुन्या बाजारात आबासाहेबांकडे बांधायला दिलं. आबासाहेब म्हणजे शाळांचे हजेरीपट, वकिलांच्या फायली, सोसायटीच्या वह्या बांधणारा माणूस. त्यांनी शब्द पाळला. एकतीस तारखेला पुस्तक परत, तपकिरी कापडी पुठ्ठा, पाठीवर सोनेरी रेघ. मेट्रनबाईंनी पहिलं पान उघडून पाहिलं, पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि घरी आणलं.

सकाळी सातला त्या चाळीच्या ओट्यावर बसून वाचत, आणि वाचत त्या मोठ्यानं. साठ मुलींना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं वाचायची सवय लागलेली, हळू वाचणं त्यांना जमतच नसे. दिवाळीपासून त्यांच्या ओट्यावर आणखी एक माणूस बसायला लागलं होतं. शेजारच्या खोलीतल्या सविताची आई, गोजरबाई. सविता लष्कराच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला होती. ती सकाळी सहालाच बाहेर पडे. म्हातारी पाथर्डीकडची. उभा जन्म श्रीगोंद्याच्या उसात कोयता चालवण्यात गेलेला. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ओट्यावर ऊन चांगलं येतं म्हणून ती येऊन बसायची. सविताच्या खोलीत कानिफनाथांचा फोटो होता, रोज त्याला उदबत्ती लागे. पहिल्या दिवशी मेट्रनबाईंनी विचारलंही होतं, "गोजरबाई, मी आमचं शास्त्र वाचते. तुम्हाला चालेल ना?"

"वाचा की," गोजरबाई म्हणाली. "गोष्टीला कुठं आलंय तुमचं न् आमचं."

तर त्या मंगळवारी मेट्रनबाई हागारेच्या गोष्टीशी आल्या. अब्राहामाच्या बायकोची दासी. पोटुशी आहे, मालकिणीचा जाच सोसवेना म्हणून रानात पळाली आहे आणि झऱ्याच्या काठी बसली आहे. तिथं देवदूत येतो आणि तिला विचारतो, की बाई, तू आलीस कुठून आणि निघालीस कुठं. मेट्रनबाईंनी डावं पान संपवलं आणि त्याच दमात उजवं वाचायला लागल्या. अमक्याला अमका झाला, तमक्याला तमका झाला. पाच-सहा नावं होईपर्यंत त्यांच्याही लक्षात आलं नाही.

"थांबा, थांबा," गोजरबाई म्हणाली. "ही कोन मानसं? आन् ती बाई? ती झऱ्यावरच बसली का?"

मेट्रनबाईंनी पान पाहिलं. डावीकडं उत्पत्ती होतं, उजवीकडं मत्तय. बायबलच्या पहिल्या भागातून, म्हणजे जुन्या करारातून, थेट दुसऱ्या, नव्या करारात. जवळजवळ हजार पानांनंतर यायचं ते पान पुढ्यात येऊन बसलं होतं.

"बांधणीत काहीतरी गडबड झालीय," त्या म्हणाल्या.

"ते हुईल नीट. तुमी सांगा ना, काय सांगितलं तिनं त्याला?"

तीस वेळा त्यांनी हे वाचलं होतं. तीस वर्षं, दर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. पण पुढचं पान समोर नव्हतं, आणि पान समोर नसताना त्यांना काहीच आठवेना. ती परत गेली का? तिथंच राहिली का? मूल झालं ते कुठं?

"ते पुढं येतं," त्या म्हणाल्या.

"पुढं येतं ते मला बी कळतंय. तुमाला ठावं न्हाई का?"

"आहे. आत्ता आठवत नाही."

गोजरबाई डोळे मिटून उन्हाकडं तोंड करून बसली. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मला बी मुकादमानं असंच इचारलं हुतं. सविताच्या येळंला. फडातून निघाले, पोटात कळा, पाण्याच्या आशेनं विहिरीकडं चालले हुते. म्हनला, कुठून आलीस न् कुठं चाललीस. त्याला काय उत्तर नको हुतं, त्याला मला माघारी फिरवायची हुती. ह्या देवदूताला उत्तर पायजे हुतं का तसंच इचारलं, ते बघून सांगा."

मेट्रनबाई त्या दुपारी आबासाहेबांच्या दुकानात गेल्या.

आबासाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून पुस्तक चाळलं. "यात काय चुकलंय? मी तर उलट दुरुस्त करून दिलंय."

"दुरुस्त?"

"हे बघा मेट्रनबाई. सोळा पानांचा एक फर्मा. फर्म्याच्या पहिल्या पानावर खाली बारीक नंबर असतो. तुमची शिवण सोडली तर एक नंबरचे दोन फर्मे निघाले. दोन नंबरचे दोन. तीन नंबरचे दोन. मी म्हटलं, छापणाऱ्यानं घोळ घातलाय. मग नीट लावले. एक-एक, दोन-दोन, तीन-तीन. शाळेत जोडीनं पोरं उभी करतात तसं."

"अहो, ते दोन करार आहेत. जुना आणि नवा. दोघांचे नंबर वेगळे एकपासून सुरू होतात."

आबासाहेबांनी पुन्हा पानं उलटली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "म्हणजे दोन पुस्तकं होती ती."

"एकच आहे."

"एकच, पण दोन." त्यांनी पुस्तक मिटलं. "चूक माझी. ठेवून जा, पंधरा दिवसांत पुन्हा शिवून देतो."

पंधरा दिवस म्हणजे एकोणपन्नास अध्याय. मेट्रनबाईंनी उभ्या उभ्या मोजलं. दुसऱ्या कुणाचं बायबल मागून आणता आलं असतं, पण कुणी विचारलं तर काय सांगायचं? सत्काराच्या साडेतीन महिने आधी मेट्रनबाईंचं बायबल उलटंसुलटं झालं, ही बातमी अख्ख्या मंडळीत पसरायला एक रविवार पुरला असता. त्यांनी पुस्तक उचललं. "राहू द्या. सत्कार झाला की आणते."

वाचायचं ते शिवलंय तसंच, असं त्यांनी ठरवलं. पान सोडायचं नाही हा त्यांचा जुना नेम होता. म्हणजे सोळा पानं जुन्या कराराची, मग सोळा नव्याची, मग पुन्हा जुन्याची. गोष्ट ऐन रंगात आली की फर्मा संपणार आणि पुढं काय झालं ते चार-पाच दिवसांनी येणार. त्यांना वाटलं, गोजरबाई कंटाळेल. पण गोजरबाई कंटाळणारी नव्हती. ती थांबायलाही तयार नव्हती.

"पुढं काय हुतं ते तोंडानं सांगा," असा तिनं नेमच घालून दिला. "तीस येळा वाचलंय म्हनता ना."

मग मेट्रनबाईंनी दुपारी गुपचूप पुढचा फर्मा उघडून बघायला सुरुवात केली. परीक्षेच्या आधी पोरं बघतात तसं. हागार परत गेली, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिनं देवाला स्वतः एक नाव दिलं, मला पाहणारा देव, तेही सांगितलं. हे सांगताना त्या मध्येच थांबल्या. एका दासीनं देवाला नाव ठेवलं, ही गोष्ट त्यांनी जणू पहिल्यांदाच वाचली होती.

"मग त्याला उत्तर पायजे हुतं," गोजरबाई म्हणाली. "न्हाईतर तिनं नाव कशाला ठिवलं असतं."

असं सुरू झालं. बायबलातली माणसं गोजरबाईला चाळीतल्या माणसांसारखी लक्षात राहत. कोण कुणाचा मेहुणा, कुणी कुणाला कधी फसवलं, कुणाच्या विहिरी कुणी बुजवल्या. मेट्रनबाई नाव चुकल्या, की ती शांतपणे दुरुस्त करायची. फेब्रुवारीत राहेलीची गोष्ट आली. नवऱ्याबरोबर माहेर सोडताना तिनं बापाचे देव पळवले, उंटाच्या खोगिरात दडवले आणि वर ऐसपैस बसली. बाप झडती घ्यायला तंबूत शिरला, आणि तिथंच फर्मा संपला.

गोजरबाई एवढी हसली, की तिला ठसका लागला. "सापडले का?"

"नाही सापडले," मेट्रनबाई म्हणाल्या. हे मात्र त्यांनी आदल्या दुपारीच बघून ठेवलं होतं. "ती म्हणाली, मला उठता येत नाही, माझी अडचणीची वेळ आहे."

"लई हुशार. आमच्या टोळीत असती तर मुकादमाला पुरून उरली असती."

एवढं सगळं बोलायचं म्हटल्यावर तीन अध्याय कुठून होणार? दिवसाला एक व्हायचा, कधी अर्धाच. मार्चच्या मध्यावर मेट्रनबाईंनी कागद घेतला. पावणेदोनशे अध्याय मागे. एवढा तुटवडा बोर्डिंगातही कधी निघाला नव्हता. एकतिसावं वर्ष पुरं झालं नाही तर तीसचा सत्कार कुठल्या तोंडानं घ्यायचा? म्हणून त्यांनी दुपारी दार लावून एकट्यानं वाचायला घेतलं, जुन्या वेगानं. गोजरबाईच्या गोष्टी सकाळसाठी तशाच ठेवून पुढचे राजे, त्यांची राज्यं, त्यांच्या लढाया. चार दुपारी मिळून साठ अध्याय झाले. चौथ्या दुपारी पुस्तक मिटल्यावर सहज मनात आलं, गोजरबाई काय विचारेल? आणि त्यांच्या लक्षात आलं, की त्या साठ अध्यायांतलं एकही माणूस त्यांना आठवत नाही. एकही नाही. साठ मुली जेवून गेल्या आणि एकीचं नाव विचारलं नाही, असं झालं होतं.

मग त्यांनी शांतवनरावांनंतरचं ते पहिलं वर्ष आठवून पाहिलं. तेव्हा घर फार गप्प होतं. सकाळी उठायचं ते तीन अध्यायांसाठी, बाकी उठायला कारण नव्हतं. त्या मोजण्यानं त्यांना उभं ठेवलं होतं, हे खोटं नव्हतं. देवानंही तेव्हा ते चालवून घेतलं असेल. पण पहिल्या वर्षानंतर एकोणतीस वर्षं होती, आणि त्यांत त्या मोजत राहिल्या होत्या. ते साठ अध्याय त्यांनी हिशेबात धरले नाहीत.

एप्रिलच्या सुरुवातीला पाळकसाहेब घरी आले. तरुण माणूस, हसतमुख. त्यांनी मोबाईलवर सन्मानचिन्हाचा फोटो दाखवला. काचेची पाटी, तिच्यावर 'सलग तीस वेळा संपूर्ण पवित्र शास्त्राचे वाचन'.

"पाळकसाहेब, मला थोडं सांगायचंय," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी वाचलंय, पण मला त्यातलं येत नाही."

"कुणाला सगळं येतं, मेट्रनबाई? मलाही येत नाही."

"सगळं नाही म्हणत मी. काहीच येत नाही."

पाळकसाहेब प्रसन्न हसले. "बघा, ही तुमची नम्रता. आजकालच्या बायकांनी हेच शिकायला पाहिजे."

चहा पिऊन त्यांनी प्रार्थना केली आणि प्रार्थनेतही मेट्रनबाईंच्या नम्रतेबद्दल देवाचे आभार मानले. मेट्रनबाईंनी आमेन म्हटलं आणि कपबशा उचलल्या.

पुढचे तीन आठवडे त्यांना चैन पडेना. पाटी घ्यावी आणि गप्प बसावं, तर कुणाला कळणार नव्हतं. वाचलं तर खरंच होतं, पान न् पान. पण पाटी घरात लावली, की रोज सकाळी तिच्यासमोर बसून गोजरबाईला उत्तरं द्यायची होती. सांगून टाकावं, तर तीस वर्षांची अब्रू एका रविवारी जाणार. तीस वर्षं आयांनी मंडळीतल्या पोरींना त्यांचं उदाहरण दिलं होतं. मेट्रनबाई बघा, असं.

रविवार उजाडला. ठरवलेली साडी त्या नेसल्या. उपासना झाली, शाल अंगावर आली, टाळ्या झाल्या, पाटी हातात आली. पाळकसाहेब म्हणाले, "मेट्रनबाई दोन शब्द बोलतील."

त्या उभ्या राहिल्या. माईकची त्यांना गरज नव्हती.

"मी तीस वर्षं देवाच्या शाळेत रोज हजेरी लावली," त्या म्हणाल्या. "हजेरी खरी आहे, त्यात खोटं नाही. पण वर्गात माझं लक्ष नव्हतं. मी पानं मोजत होते. जानेवारीत माझ्या शेजारणीनं मला एक साधा प्रश्न विचारला, पुढं काय झालं म्हणून. मला सांगता आलं नाही. तिला वाचता येत नाही, दिसत नाही, आणि तिला माझ्यापेक्षा जास्त येतं. तर ही पाटी मला घेता येणार नाही. मी यंदा पहिल्यांदा वाचतेय. पुरं व्हायला चार-पाच वर्षं लागतील, तेवढी मिळाली तर."

मग पुढच्या बाकावरून रंगुबाई ओहोळ, मंडळाच्या जुन्या खजिनदार, बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मेट्रनबाई, मग आमचं कसं व्हायचं? आम्ही तर हजेरीपण नाही लावली."

आधी एक हसलं, मग सगळं चर्च. पाळकसाहेबांनाही हसू आवरेना, पण पाटीचं काय करावं ते त्यांना कळेना. "याच्यावरचं तीस आता खोडताही येत नाही," ते हळूच म्हणाले. "कोरलंय."

"राहू द्या तुमच्या कपाटात," मेट्रनबाई म्हणाल्या. "पुढची कराल तेव्हा तिच्यावर 'एक' कोरा. घाई नाही."

बाहेर पडताना दोघी-तिघी त्यांच्याजवळ आल्या. एक जण म्हणाली, फार बरं वाटलं ऐकून. एक जण म्हणाली, सांगायची काय गरज होती. रंगुबाईंनी तर सकाळी किती वाजता वाचता, असं विचारून घेतलं. पाय तसे हलके वाटत होते, पण रिकाम्या हातांनी घरी जाताना जरा वाईटही वाटत होतं. ते वाटायचं थोडंच थांबणार होतं.

सोमवारी सकाळी गोजरबाई आधीच ओट्यावर येऊन बसली होती.

"दिली का पाटी?"

"नाही घेतली."

"का?"

मेट्रनबाईंनी सगळं सांगितलं. गोजरबाईनं मान डोलावत ऐकून घेतलं.

"मग काय दिलंच न्हाई?"

"शाल दिली."

"ह्या उन्हाळ्यात?" गोजरबाईनं पाय लांब केले. "बरं, वाचा आता. काल सुट्टी झाली. ते लेकरू टोपलीत घालून आईनं नदीत सोडलं, तिथं राह्यलंय. टोपलीवर नजर ठेवायला कोन थांबलं हुतं, ते आदी सांगा. पान बघू नका."

मेट्रनबाईंनी पुस्तक मांडीवर उघडलंच नाही. "त्याची बहीण. लांब उभी होती, काय होतंय ते बघत."

"नाव काय तिचं?"

"इथं नाव दिलेलं नाही."

"मग कुठं दिलंय?"

"पुढं," मेट्रनबाई म्हणाल्या. "येईल तेव्हा सांगते. आत्ता ती नुसती बहीणच आहे."

"बरं," गोजरबाई म्हणाली, आणि मेट्रनबाईंनी चष्मा पुसला.